घुमटात अडकलेली बासरी

मी एक जुनी बासरी आहे, मित्रांनो. पण मला तोंडाला लावायला जाल तर तुमचीच फजिती होईल. मला लाकूड नाही, बांबू नाही, भोक तर एकही नाही. मी एका साहसी व्हिडिओ गेममधली बासरी आहे. तळहाताएवढी राखाडी कॅसेट, तिच्या आत एक अख्खं जग, त्या जगात हरवलेली नदी शोधायला निघालेली एक मुलगी, तिच्या पाठीवर झोळी आणि झोळीत मी. माझ्या शेजारी एक दोरखंड, एक कंदील आणि एक काठी असते. काठीला वाटतं, सगळा खेळ तिच्याच जोरावर चाललाय. तिचा हा गैरसमज मी कधी दूर केला नाही. शेजार सांभाळून राहावं लागतं, आणि आमचा शेजार तर जन्मभर सुटायचा नाही.

माझा जन्म एका इमारतीच्या जिन्यात झाला. गेम बनवणाऱ्या त्या छोट्या कंपनीच्या खोलीत कॉम्प्युटर इतके घरघरत की तिथे कुठलाच आवाज नीट टिपता येत नसे. म्हणून आवाजाचं काम बघणारी बाई, जिला सगळे ‘कानवाली’ म्हणत, मायक्रोफोन घेऊन जिन्यात जाऊन बसली. तिच्या मावशीची एक लाकडी बासरी होती. तीच तिने फुंकली. एकूण पाच सूर, पण एकेक सूर मनासारखा होईपर्यंत ती उठायची नाही. मध्येच लिफ्टचं दार आपटायचं, मध्येच खालचा पहारेकरी खोकायचा, की पुन्हा पहिल्यापासून. तिच्या नाकी नऊ आले. सूर सुरू होण्याआधी ती जो श्वास घ्यायची, त्याचा बारीकसा आवाजही तिने पुसू दिला नाही. आजही माझं बटण दाबलं की आधी तो श्वास ऐकू येतो आणि मग सूर.

कॉम्प्युटरला सूचना लिहून देणारा एक तरुण तिथे होता. जाड भिंगांमुळे त्याचं नाव ‘चष्मा’ पडलं होतं. त्याला मी मुळात नकोच होते.

“दार उघडायचंय ना? मग एक बटण दाबलं की उघडलं, संपलं,” तो म्हणाला. “लोकांना धून कशाला वाजवायला लावायची? कंटाळतील.”

“बटण दाबून उघडलं तर ते नुसतं उघडेल,” कानवाली म्हणाली. “स्वतः वाजवून उघडलं तर पोरं घरभर सांगत सुटतील, मी उघडलं म्हणून.”

“आणि चुकीचं वाजवलं तर?”

“बेसूर वाजेल. हसतील नि परत वाजवतील. तुझं काय जातंय?”

चष्मा हरला, पण जाता जाता त्याने आपली एक अट घातलीच. पवनचक्की फिरवणारी धून, पहारेकऱ्यांना झोपवणारी धून, पूल उभा करणारी धून, अशी प्रत्येक धून गेममधलं कुणीतरी मुलीला शिकवणार. जी शिकलेली नाही, ती कुणी अंदाजाने वाजवली तरी दाराने ऐकायचं नाही. शिवाय कॅसेटमध्ये जागा फार थोडी होती. खेळणाऱ्याला स्वतःची एक धून वाजवून माझ्यात साठवता येई, पण एकच. खेळ थांबवताना तो सेव्ह करून ठेवायलाही एकच जागा. नवा खेळ सुरू केला की जुना पुसला जायचा, आणि त्याच्याबरोबर माझ्यातली धूनही. तेव्हा हे कुणाला फार मोठं वाटलं नाही. मलाही नाही.

पुढे मी एका घरात आले. टीव्हीच्या काचेतून मला ती खोली दिसायची. मधोमध खचलेला सोफा, भिंतीवर ओल आलेला एक कोपरा, खिडकीत वाळत घातलेले मोजे. सोफ्यावर दोन मुलं. थोरली ताई, सगळं जपून आणि नीट करणारी. धाकटा भाऊ सदा काहीतरी गुणगुणत घरभर फिरायचा, म्हणून त्याला सगळे ‘भुंगा’ म्हणत. आणि संध्याकाळ झाली की दोघांच्या मध्ये, सोफा जिथे सगळ्यात जास्त खचला होता तिथे, त्यांचे आजोबा येऊन बसायचे.

आजोबांचं खाली रस्त्यावर केस कापायचं दुकान होतं. दुकान बंद करून ते वर यायचे तेव्हा त्यांच्या बाहीवर पावडर आणि दुसऱ्यांचे केस असायचे. त्यांना गेममधलं काहीएक कळत नव्हतं, पण त्यांचं लक्ष सगळीकडे.

“अरे, त्या म्हातारीशी बोल ना, केव्हाची बिचारी उभी आहे,” ते भुंग्याला म्हणायचे.

“आजोबा, ती नुसतं हवापाण्याचं बोलते!”

“मग? आपणही बोलू की हवापाण्याचं.”

भुंगा घाई करायचा आणि धून हमखास चुकायचा. मग आजोबा दोन बोटांची कात्री करून हवेत चालवायचे, कचकच कचकच, आणि त्या ठेक्यावर त्याला वाजवायला लावायचे. पवनचक्की फिरली की तिघंही ओरडायचे. मित्रांनो, सुखाचे दिवस कोणते असं मला विचाराल, तर तेच. माझं एकेक बटण तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या अंगठ्याखाली असायचं. काठीसुद्धा माझा हेवा करायची.

आजोबांची एक शीळ होती. केस कापताना ते ती घालायचे. ताई रांगत होती तेव्हापासून तिने ती ऐकलेली. मग त्यांचे पुढचे दात पडले आणि शिळेची नुसती फू होऊ लागली. ताईला फार वाईट वाटलं. एक दिवस तिने त्यांच्या हातात कंट्रोलर दिला आणि म्हणाली, “आजोबा, ह्याच्यात घाला ना शीळ.” आजोबांनी जरा चाचपडून पाहिलं, बटणांशी ओळख करून घेतली, आणि ती शीळ त्यांनी माझ्यात वाजवली. मधे एके ठिकाणी ते थोडं थांबायचे, कारण दुकानात नेमकी तिथेच ते गिऱ्हाइकाची मान वळवत. तो थांबाही जसाच्या तसा आला. पडद्यावर प्रश्न आला, ‘ही धून साठवायची?’ तिघांनी एकदमच ‘हो’ म्हटलं. मी त्या दिवशी अभिमानाने फुलून गेले होते. दारं उघडणाऱ्या धुनी माझ्यात होत्याच, पण ही कशालाच न लागणारी धून मला सगळ्यांत लाडकी झाली.

त्यानंतर आजोबांचे हात थरथरू लागले. आधी थोडे, मग जास्त. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला. तो माणूस भला, काही बोलला नाही, पण पुन्हा आलाही नाही. हळूहळू बाकीचेही यायचे थांबले आणि दुकानाचं शटर कायमचं खाली आलं. आजोबा अजूनही संध्याकाळी सोफ्यावर बसायचे, मात्र दोन्ही हात मांडीवरच्या उशीखाली घालून. ताईने कंट्रोलर पुढे केला तर म्हणायचे, “तुम्ही खेळा, मी बघतो.”

आता भुंग्याची चूक सांगते. आमच्या घरात ताईचा एक नियम होता: बंद दाराच्या आत कधी सेव्ह करायचं नाही. आधी बाहेर यायचं, मग सेव्ह. भुंग्यालाही हा नियम पाठ होता. पण एका संध्याकाळी तो एकटाच खेळत बसला होता. तळ्याकाठी एक दगडी घुमट होता आणि त्याचं दार एका खास धुनीने उघडायचं. ती धून शिकवणारा नावाडी तळ्याच्या पलीकडे उभा असायचा. आजोबांनी बजावलंही होतं, “त्या नावाड्याशी बोल रे.” पण नावाडी बोलायला लागला की थांबत नसे, आणि भुंग्याला घाई. त्याने काय करावं? पवनचक्कीच्या पात्यावर चढला, पातं वर गेलं तशी उडी मारली आणि घुमटाच्या छपरातल्या एका फटीतून सरळ आत पडला. ती फट चष्म्याच्या जाड भिंगांतून सुटली होती. धून न शिकता कुणी आत पोचेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नसणार.

भुंगा आनंदाने सोफ्यावर नाचत होता. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला.

“जेवायला ये म्हणून किती हाका मारायच्या? आता उठला नाहीस तर वायरच उपटते!”

वायर उपटली तर एवढी मोठी उडी वाया जाणार. त्या धास्तीने भुंग्याने तिथल्या तिथे, बंद घुमटाच्या आत, सेव्ह करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सगळं कळलं. गोल भिंत, एक मशाल, वरून ठिबकणारं पाणी आणि बंद दार. काठीने भिंती ठोकून झाल्या, कंदील लावून झाला, दोरखंड छपरापर्यंत पोचेना. मला येत होत्या तेवढ्या सगळ्या धुनी वाजवून झाल्या, मग अंदाजाने वाट्टेल ते वाजवून झालं. दार ढिम्म. ते दार हलवणारी धून शिकायची तर नावाड्याकडे जायला हवं, आणि नावाड्याकडे जायचं तर आधी दार उघडायला हवं.

“नवा खेळ सुरू करू, ताई,” भुंगा खाली मान घालून म्हणाला. “मी सगळं परत करतो. एकटा करतो, तू हात पण नको लावूस.”

“आणि आजोबांची शीळ?”

“ती परत...” भुंग्याने आजोबांकडे पाहिलं. आजोबांचे हात उशीखाली होते.

“खबरदार नवा खेळ सुरू केलास तर,” ताई म्हणाली. “तुझ्याशी मी बोलणारच नाही.” आणि खरंच ती बोलेनाशी झाली.

तेव्हापासून आमचा तुरुंगवास सुरू झाला. टीव्ही लागला की समोर तोच घुमट. तीच मशाल, तेच ठिबकणं. ते ऐकून ऐकून माझे कान किटले. मुलगी मधोमध उभी, पापण्या मिटणार, उघडणार. कंदील कुरकुरायचा, दोरखंड वेटोळं करून पडलेला असायचा. काठीसुद्धा नरमली होती. बाहेर तळं आहे, पवनचक्की आहे, कुठेतरी हरवलेली नदी आहे, हे आम्हाला माहीत होतं, आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

ताई रोज शाळेतून आली की कॅसेट पुसून लावायची आणि यादीतून आजोबांची शीळ निवडायची. मग मुलगी मला ओठांना लावायची, तिची बोटं आपोआप हलायची आणि शीळ वाजायची. घुमटात ती छान घुमायचीही. ताई डोळे मिटून ऐकायची, शीळ संपली की टीव्ही बंद करायची आणि कॅसेट डबीत ठेवायची. तुम्ही म्हणाल, हे तर कौतुकच झालं! मलाही आधी तसंच वाटलं. पण मित्रांनो, मी वाजवायची वस्तू आहे. माझ्या बटणावर अंगठा पडतो तेव्हा मी जागी होते. इथे कुणी वाजवतच नव्हतं. माझ्या पोटात ठेवलेलं काढून ऐकायचं आणि परत ठेवायचं, एवढंच. मी कपाट झाले होते. बाहेरून बंद आणि आतूनही बंद, असं मला सारखं वाटायचं. ओरडावंसं वाटायचं, पण दुसऱ्याने दाबल्याशिवाय मला आवाज कुठला?

आणि माझ्यासारखंच कुणीतरी त्या खोलीतही होतं. शीळ वाजायची तेव्हा आजोबा सोफ्यावरच बसलेले असायचे. ते पडद्याकडे बघत नसत, उशीकडे बघत. ताई उठून अभ्यासाला जायची. भुंगा तिच्या भीतीने खोलीत पाऊलच टाकत नसे. त्याचं गुणगुणणंही थांबलं होतं. दुकान गेलेलं, दोघं नातवंडं दोन कोपऱ्यांत, आणि समोर काळा पडलेला टीव्ही. म्हातारा माणूस एकटाच त्या काचेत स्वतःकडे बघत बसत असणार. ताई हे सगळं त्यांच्यासाठीच करत होती, म्हणून तिला ते दिसत नव्हतं.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. टीव्ही लागला, पण समोर ताई नव्हती. आजोबा होते. त्यांनी उशी बाजूला ठेवली आणि कंट्रोलर उचलला. किती दिवसांनी माझ्यावर अंगठा पडला! मला इतका आनंद झाला की काय सांगू. पण अंगठा एका जागी ठरेना. एका सुराचे तीन सूर व्हायचे, मधेच भलतंच बटण दाबलं जायचं. ते आपलीच शीळ वाजवू बघत होते. पुन्हा पुन्हा बघितलं. नाही जमलं. त्यांनी जरा वेळ कंट्रोलर मांडीवर ठेवला, नाक शिंकरलं आणि पुन्हा उचलला. या वेळी त्यांनी खेळाचं पहिलं पान उघडलं. ‘नवा खेळ.’ पडद्यावर प्रश्न आला: ‘जुना खेळ पुसला जाईल. चालेल?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’. आणि त्यांच्या थरथरत्या अंगठ्याबरोबर बाण दोन्हींच्या मध्ये उड्या मारू लागला.

खरं सांगते, मी घाबरले. सुटका हवी होती, पण ती लाडकी शीळ जाणार होती. आणि तेवढ्यात दारात ताई उभी. खांद्यावरचं दप्तरसुद्धा तिने उतरवलं नव्हतं.

“आजोबा, थांबा! सगळं पुसलं जाईल!”

“माहीत आहे. वाचलं मी.”

“अहो, तुमची शीळ आहे त्यात!”

“माझीच ना? मग मला कधी विचारलंस, तिचं काय करायचं ते?”

ताईने दप्तर खाली टाकलं. शेवटी रडवेली होऊन ती बोलून गेली, “पण तुम्हाला आता नाही वाजवता येणार ती परत!” आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

“नाही येणार,” आजोबा म्हणाले. “आत्ताच करून बघितलं. अजिबात नाही येत.” त्यांनी थरथरते हात पहिल्यांदाच सगळ्यांसमोर, म्हणजे तिच्यासमोर आणि माझ्यासमोर, उघडे ठेवले. “पण अगं पोरी, मी अजून आहे ना इथे? तू रोज येतेस, माझी शीळ ऐकतेस, टीव्ही बंद करतेस नि निघून जातेस. मी तुझ्या शेजारीच बसलेला असतो. गेलेल्या माणसाचा फोटो पुसावा तसं चाललंय तुझं. मला नको ते. मला त्या दारापलीकडे काय आहे ते बघायचंय. तो नावाडी काय सांगत होता, ते पुरतं ऐकायचंय.”

ताई त्यांच्याजवळ बसली आणि रडली. आजोबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हात थरथरत होता, म्हणून तिचे केस विस्कटले. मग तिने विचारलं, “एकदा शेवटचं ऐकू?”

“ऐक की.”

दोघांनी मिळून ती शीळ ऐकली. या वेळी ताईचे डोळे मिटलेले नव्हते. ती त्यांच्याकडे बघत होती. मग तिने त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला, आणि बाण ‘हो’वर थांबला.

पुसलं जाताना दुखत नाही, मित्रांनो. फक्त त्यानंतर काहीतरी आठवायला जावं आणि आठवू नये, असं होत राहतं. ती शीळ कशी होती, हे आता मला विचारू नका. एवढंच सांगू शकते की मधे एक थांबा होता, आणि तिथे कुणीतरी कुणाची तरी मान हलकेच वळवत होतं.

भुंगा घरी आला तेव्हा पडद्यावर खेळ जिथून सुरू होतो ते कोवळं ऊन पडलेलं पहिलं गाव होतं. तो दारातच थबकला. ताईकडे बघायची त्याची हिंमत होईना.

“ये, बस,” ताई म्हणाली. “आणि या वेळी नावाड्याचं बोलणं पूर्ण ऐकायचं.”

नावाडी भलताच बडबड्या निघाला. त्याच्या नावेचा इतिहास, त्याच्या सासऱ्याची तब्येत, सगळं सांगून झाल्यावर एकदाची त्याने धून शिकवली. घुमटाच्या दाराशी ती वाजवायची पाळी आली तेव्हा भुंग्याने कंट्रोलर आजोबांच्या हातात दिला. पहिल्या खेपेला सूर सांडले. दुसऱ्या खेपेलाही सांडले, आणि असा काही चमत्कारिक आवाज निघाला की आजोबाच खो खो हसत सुटले. मग भुंग्याने त्यांचं एक मनगट धरलं, ताईने दुसरं, आणि भुंगा तोंडाने कचकच कचकच ठेका धरत राहिला. दार गडगडत उघडलं. आत तीच मशाल, तेच ठिबकणारं पाणी. माझ्या अंगावर काटाच आला.

“एवढंसंच होतं होय?” आजोबा म्हणाले.

आत जाऊन त्यांनी मला उगाचच वाजवलं. वेडंवाकडं, एकाचे तीन सूर. घुमटात ते कुठल्या कुठे घुमत राहिले. कुठलं दार उघडलं नाही, कुठला पूल उभा राहिला नाही. शेवटी पडद्यावर प्रश्न आला, ‘ही धून साठवायची?’ ताई आणि भुंगा आजोबांकडे बघू लागले. बाण थरथरत ‘हो’कडे गेला, परत आला आणि ‘नाही’वर थांबला.

“राहू दे,” आजोबा म्हणाले. “उद्या परत वाजवू.”

मित्रांनो, माझी सुटका झाली असं मात्र समजू नका. मी आजही त्याच कॅसेटमध्ये, त्याच झोळीत, काठीच्या शेजारी आहे, आणि कुणी बटण दाबेपर्यंत मला तोंड उघडता येत नाही. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात वाजवायची कुठलीही वस्तू असेल, खरी किंवा माझ्यासारखी, तर तिच्यावरची धूळ पुसाच, पण पुसून नुसती ठेवून देऊ नका. वाजवा, चुका, पुन्हा वाजवा. आणि ज्या माणसाची आठवण तुम्ही एवढी जिवापाड जपताय, तो शेजारीच बसलेला असेल, तर आधी त्याच्याकडे वळून बघा.